जुन्या जपानी राक्षसपटांसाठी लोक एवढे पैसे का घालवतात?

अमळनेरचा_धाकटा
नमस्कार मंडळी. प्रश्न जरा विचित्र वाटेल पण घरात रोजची कटकट झालीये म्हणून विचारतो. माझा चुलतभाऊ जळगावला नोकरीला आहे, पगार बरा, लग्न व्हायचंय, आणि हा पठ्ठ्या पगारातला मोठा हिस्सा जुन्या जपानी पिक्चरांवर उडवतो. गॉडझिला वगैरे. आता गॉडझिला मला पण माहीत आहे, २०२३ चा 'मायनस वन' मी बघितलाय, भारी होता, व्हिज्युअल इफेक्ट्सचं ऑस्कर पण मिळालं त्याला. पण ह्याला तो नकोच. ह्याला १९५५ चं काहीतरी पाहिजे, १९६३ चं काहीतरी पाहिजे, जे कोणी ऐकलेलं पण नाही. मागे कुरियरने एक लेझरडिस्क आली, डीव्हीडीच्या आधी पिक्चर ज्यावर यायचे ती चकती, जेवायच्या थाळीएवढी. विचारलं प्लेअर कुठाय, तर म्हणे प्लेअर अजून शोधतोय. काकूने कपाळावर हात मारला.

एकदा मला बळंच बसवून एक पिक्चर दाखवला त्याने. रबरी सूट घातलेला माणूस, खेळण्यातली घरं, विमानाला बांधलेली तार चक्क दिसते. मी हसलो तर गडी फुगून बसला, जेवायला पण आला नाही.

तर जाणकारांनी सांगा, यात नेमकं आहे काय? पिक्चर खरंच आवडतो म्हणून घेतात का दुसऱ्याकडे नाही म्हणून घेतात? आणि उद्या विकायला काढलं तर पैसे तरी निघतात का?

शहादा_एक्सप्रेस
दुसऱ्याकडे नाही म्हणून. विषय संपला भो. जुनी नाणी, काडेपेटीची चित्रं, तिकिटं, सगळ्यांचं तेच. आजकाल शोधलं तर नेटवर काहीपण सापडतं, बघायचाच असेल तर फुकटात बघ ना. पण फुकटात बघितला की दाखवायला काय राहणार कपाटात?

तापीचा_गोजिरा
शहादाभाऊ, तुमचं अर्धं बरोबर आहे, उरलेलं अर्धं मी सांगतो. मी भुसावळचा, मला पण हाच आजार आहे, त्यामुळे थोडं लांबेल, चहा घेऊन बसा.

आधी ती तार. धाकटे, तू तार बघून हसलास ना, तर तारेचाच किस्सा ऐक. १९५६ मध्ये तोहो स्टुडिओने 'रोडान' काढला, उडणाऱ्या राक्षसाचा, त्यांचा पहिला रंगीत राक्षसपट. शेवटी ज्वालामुखीत ती पाखरं जळून पडतात असा सीन. सेटवर खरोखरची आग आणि वितळलेलं लोखंड वापरलेलं, त्या उष्णतेने शूटिंग चालू असतानाच बाहुली धरणाऱ्या तारा तुटल्या आणि पाखरू धडपडत खाली आलं. इफेक्ट्सचे मुख्य होते एइजी त्सुबुराया, ते कॅमेरा बंदच करेनात, चालू द्या म्हणाले. तोच शॉट पिक्चरमध्ये आहे. ते धडपडणं कोणी ठरवून केलेलं नाही, तार तुटली म्हणून झालं. आता हे माहीत असलेला माणूस तो सीन बघताना तारेकडे बघून हसणार का डोळे फाडून बघणार? आपल्याकडे ट्रिकसीनवाले बाबुभाई मिस्त्रींना 'काला धागा' हे नाव कशामुळे पडलं? १९३७ च्या 'ख्वाब की दुनिया'त त्यांनी काळ्या दोऱ्यावर वस्तू नाचवल्या म्हणूनच ना. त्यांचं आपण कौतुक करतो आणि जपान्यांची तार दिसली की खिदळतो.

आता सुटातला माणूस. पहिला गॉडझिला ३ नोव्हेंबर १९५४ ला लागला, दिग्दर्शक इशिरो होंडा. त्याच वर्षी १ मार्चला अमेरिकेने बिकिनी बेटावर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली होती आणि जपानची एक मासेमारी बोट त्या किरणोत्सर्गात सापडली होती, पिक्चरची सुरुवातच बोट बुडण्याने होते, जपानी प्रेक्षकाला ते वेगळं समजावून सांगायची गरजच नव्हती. सुटात हारुओ नाकाजिमा. पहिला सूट शंभर किलोच्या आसपास, आत श्वास घ्यायची मारामार, वरून स्टुडिओचे दिवे, गडी आत बेशुद्ध पडायचा. आपण मे महिन्यात भुसावळला ४५-४६ डिग्रीत बनियनवर बसू शकत नाही, आणि हा माणूस रबरात शिरून १९७२ पर्यंत तेच काम करत होता.

आणि ती 'खेळण्यातली घरं'. साधारण २५ पट लहान करून अख्खा टोकियो बांधायचे. भिंती प्लास्टरच्या, आतून आधीच खाचा पाडून ठेवलेल्या म्हणजे पाय पडला की नेमकी तिथूनच फुटावी. आणि हे सगळं जास्त वेगाने शूट करायचे, सेकंदाला २४ ऐवजी ७२ वगैरे फ्रेम, मग पडद्यावर ते सावकाश कोसळताना दिसतं आणि वजनदार वाटतं. यातली खरी गंमत काय, की पाय चुकला, कॅमेरा अडकला, तर महिनाभर बांधलेली गल्ली गेली. पुन्हा बांधा. म्हणून त्या शॉटमध्ये एक ताण असतो तो मला कॉम्प्युटरच्या कुठल्याच इफेक्टमध्ये मिळाला नाही, आणि मी काही जुनं ते सोनं म्हणणारा नाही, 'मायनस वन' मी दोनदा बघितलाय.

आवाजाचं पण तसंच. गॉडझिलाची ती डरकाळी कुठल्या प्राण्याची नाहीये, संगीतकार अकिरा इफुकुबेच्या डोक्यातून आलेली. डबल बासच्या ढिल्या केलेल्या तारेवर राळ लावलेला चामड्याचा हातमोजा घासला, मग टेपचा वेग कमी केला.

आता दुर्मिळपणा. शहादाभाऊ म्हणतात नेटवर सगळं सापडतं. सापडत नाही. होंडांचाच १९५५ चा हिममानवाचा पिक्चर, 'जूजिन युकी ओतोको'. त्यात डोंगरातल्या एका वस्तीतली माणसं ज्या पद्धतीने दाखवलीत त्यावरून पुढे वाद नको म्हणून तोहोने तो कधी व्हिडिओवर काढलाच नाही. ना कॅसेट ना डीव्हीडी. अमेरिकेत १९५८ मध्ये 'हाफ ह्यूमन' नावाने आला तो कापाकापी करून, मध्ये जॉन कॅराडिन या अमेरिकन नटाचे सीन घुसवून. मूळ पिक्चरच्या ज्या चोरट्या कॉप्या फिरतात त्यांवर टाइमकोडचे, म्हणजे वेळ मोजणारे आकडे पळत असतात. धाकटेच्या भावाला १९५५ चं जे पाहिजे ते बहुतेक हेच.

दुसरा १९७४ चा नॉस्त्रादामसच्या भविष्यावरचा. किरणोत्सर्गाने विद्रूप झालेली माणसं ज्या प्रकारे दाखवली त्यावर अणुबॉम्बपीडितांच्या संघटनांनी आक्षेप घेतला आणि तोहोने तो मागे घेतला. तिसरं म्हणजे 'अल्ट्रासेव्हन' या जपानी टीव्ही मालिकेचा १२ वा भाग, १९६७ ला दाखवलेला, १९७० मध्ये तशाच कारणावरून वाद झाला तेव्हापासून कंपनीने कुलुपात ठेवलाय, सगळ्या सेटमध्ये ११ नंतर थेट १३. माझं वैयक्तिक मत, त्या संघटनांचा राग समजण्यासारखा आहे, ज्यांच्या अंगावर बॉम्ब पडला त्यांनी ते करमणूक म्हणून का बघावं. पण बघायची इच्छा जात नाही हे पण खरं. संग्राहकाला बाकी काही नाही पण हे एक अवघड दुखणं असतं.

शहादा_एक्सप्रेस
लय लांब लिहिलं भो पण मान्य, वाचलं सगळं. तरी माझा मुद्दा तसाच राहतो. पिक्चर भारी आहे हे समजलं, पण डिस्क घेऊन प्लेअर नसलेला माणूस तो पिक्चर बघतोय कुठे? तो डबा बघतोय.
आणि लहानपणी दूरदर्शनवर जायंट रोबोट लागायचा, घड्याळात बोलणारा पोरगा, ते पण यातच येतं का?

तापीचा_गोजिरा
येतं ना. तोएई या जपानी कंपनीची मालिका, १९६७-६८ ची, २६ भाग. आपल्या पिढीतल्या बऱ्याच जणांना हा रोग तिथूनच लागला.

जुना_ऑपरेटर
पोरांनो, मी टुरिंग टॉकीजवर ऑपरेटर होतो, सारंगखेड्याच्या यात्रेत, अजून कुठं कुठं, पडदा लावायचो. जपानी राक्षसाचं मला फार कळत नाही पण रिळाचं कळतं म्हणून लिहितो. नातू टाइप करून राह्यला आहे, चुकलं तर त्याला बोला.

प्रत्येक खेळाला रीळ थोडं थोडं मरतं. दातऱ्यात भोकं फाटतात, फाटलेला तुकडा ब्लेडने कापायचा, दोन्ही टोकं खरवडायची, फिल्म सिमेंट लावून दाबून धरायचं. दोन-चार फ्रेम गेल्या. कोणाला समजत नाही. पण दहा वर्षं गावोगाव फिरलेली प्रिंट बघितली तर हिरो दारातून आत येतो आणि एकदम खुर्चीत बसलेला दिसतो. शेवटचा खेळ उशिरा सुरू झाला तर मालक सांगायचा एक गाणं गाळ, आम्ही गाळायचो. पण ते प्रिंटमधून, निगेटिव्हला, म्हणजे ज्यावरून प्रिंटा काढतात त्याला, कोणी हात लावत नसे, ते मुंबईला लॅबमध्ये.

म्हणून नातवाने मला जे वाचून दाखवलं त्याने मी चाट पडलो. 'किंग काँग विरुद्ध गॉडझिला' म्हणून १९६२ चा पिक्चर, त्यांचा एकदम गाजलेला. १९७० मध्ये पोरांच्या सुट्टीत दाखवायला छोटा करायचा म्हणून कंपनीने मूळ निगेटिव्हच कापली. अरे मूळ निगेटिव्ह! कापलेले तुकडे नंतर धड सापडेनात, मग किती वर्षं मधले सीन दुसऱ्या खराब कॉपीतून जोडलेले, रंग वेगळा, ओरखडे वेगळे. पूर्ण चांगली कॉपी २०१६ ला 4के करून निघाली म्हणे. म्हणजे ज्या कंपनीने एवढ्या मेहनतीने गाव उभं केलं तिलाच त्याची किंमत नव्हती. मग सांभाळलं कोणी, तर ज्यांना लोक येडं म्हणतात त्यांनी.

आपल्यात पण तेच. 'आलम आरा', १९३१ चा, देशातला पहिला बोलपट, एक पण प्रिंट नाही. 'राजा हरिश्चंद्र'चे थोडे भाग उरलेत. २००३ मध्ये पुण्याला फिल्म ठेवायच्या जागी आग लागली त्यात जुनी नायट्रेटची रिळं गेली. जपान्यांचे पण किंग काँगवरून काढलेले दोन पिक्चर होते म्हणतात, एक १९३३ चा आणि एक १९३८ चा, दोन्ही गेले, आता नुसती नावं.

एक काम सांगतो. तुझ्या भावाला म्हणा डिस्क घे, कागद घे, पण खान्देशात बसून खरं रीळ घेऊ नको. ॲसिटेटच्या फिल्मला गरमी लागली की ती आंबते, डबा उघडला की व्हिनेगरचा भपकारा येतो, मग फिल्म आकसते, वेडीवाकडी होते, आणि एक डबा आंबला की शेजारचे पण आंबतात. माझ्याकडं होते तसे, पत्र्याच्या खोलीत. बाई म्हणायची घरात कैरीचं लोणचं नासलं का काय. तुना भाऊले सांग, आधी थंडगार खोली बांध, मंग रीळ आण.

नंदुरबारची_मी
काका, खूप छान लिहिलंत, नातवाला शाबासकी.

सगळे दादालोक डिस्क आणि रीळ धरून बसलेत म्हणून मी कागदाची बाजू सांगते. मी फक्त पोस्टर आणि पॅम्फलेट जमवते. जपानमध्ये पिक्चर लागला की थिएटरात त्याचं छोटं पुस्तक विकत मिळायचं, फोटो, नटांची माहिती, कधी सेट कसा बांधला त्याचे फोटो. पोस्टरपेक्षा बरीच स्वस्त असतात आणि पातळ, त्यामुळे टपालखर्च पण कमी. एवढ्या वर्षांत माझा खरा आनंद त्यातच आहे. त्यातल्या एका पानावर टोकियोच्या छोट्या इमारतींच्या मधोमध बनियन घातलेली माणसं उकिडवी बसून विजेचे खांब रोवताना दिसतात, खांब त्यांच्या गुडघ्याएवढे. तो फोटो मी पिक्चरपेक्षा जास्त वेळा बघितला असेल.

तुमच्या चर्चेत सगळं तोहो तोहो चाललंय, दाइएई या दुसऱ्या जपानी स्टुडिओला कोणी विचारत नाही याचा मला राग येतो. त्यांचा 'दाइमाजिन' बघा, तिन्ही भाग एकाच वर्षी आले, १९६६ ला. जुन्या काळातलं गाव, जुलमी सरदार, डोंगरात देवाची दगडी मूर्ती, लोक गाऱ्हाणं घालतात आणि शेवटी मूर्ती चालायला लागते. आपल्याकडे गावदेवी कोपल्याच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या माणसाला हे वेगळं सांगावंच लागत नाही. राक्षस तसा लहान, चार-साडेचार मीटरचाच, म्हणून मिनिएचर, म्हणजे छोट्या प्रतिकृती, मोठ्या करता आल्या, घरं खरी वाटतात, कौलं एक एक निखळतात. आणि त्या मूर्तीचे डोळे! मुखवट्यातून दिसतात ते नटाचे खरे डोळे आहेत, रिकी हाशिमोतो, आधी व्यावसायिक बेसबॉल खेळायचा. धुळीत सुद्धा पापणी लववत नाही, डोळे लालबुंद. कुठला रिमोटचा मुखवटा असं बघणार? दाइएई १९७१ ला बुडाली, तरी हे पिक्चर राहिले.

धाकटे दादा, पैसे निघतात का विचारलंत ना. निघतात, पण पैशासाठी घेणारा यात फसतोच. बाजारात नकली पोस्टर भरपूर आहेत. जपानी पोस्टर बहुतेक बी-दोन मापाचं असतं, साधारण ५१ बाय ७३ सेंटीमीटर. भिंग घेऊन बघायचं, जुन्या ऑफसेट छपाईत रंगाचे ठिपके ओळीने, फुलासारखे बसलेले दिसतात, प्रिंटरवर काढलेल्या नकलेत ते फवारल्यासारखे विस्कटलेले. आणि सगळ्यात मोठी खूण म्हणजे घडी. नकली काढताना मूळ पोस्टर स्कॅन करतात तेव्हा त्याच्या घड्यांच्या रेषा पण छापल्या जातात. बोट फिरवलं तर कागद गुळगुळीत आणि डोळ्याला घडी दिसते. असं दिसलं की पैसे द्यायचे नाहीत.

आणि एक, खास आपला. १९६६ चा 'गोगोला' ऐकलाय कोणी? हिंदी, आपला स्वतःचा समुद्रातून येणारा राक्षस, मुंबईवर. आझाद आणि तबस्सुम होते त्यात. पिक्चर गायब, कॉपी सापडत नाही. तलत महमूद आणि सुमन कल्याणपूर यांचं गाणं मात्र अजून ऐकायला मिळतं. एखाद्या जुन्या टॉकीजच्या माळ्यावर त्याचं डबडं निघालं तर मी जपान सोडून देईन. काका, तुमच्या तंबूत लागला होता का हो?

जुना_ऑपरेटर
नाही ताई, आमच्याकडं दारासिंग चालायचा. पण धुळ्याला माझ्या ओळखीचा एक पिक्चर वाटप करणाऱ्याकडं कामाला होता, त्याच्या पोराला विचारून बघतो. आशा धरू नका, ते डबे बहुतेक भंगारात गेलेत. फिल्म धुवून त्यातली चांदी काढायचे लोक.

अमळनेरचा_धाकटा
बापरे, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार. भावाला लिंक पाठवली, त्याने ताईंचं घडीचं वाचून कपाट उघडलंय आणि सगळे पोस्टर खाटेवर पसरून भिंग घेऊन बसलाय, काकू आता माझ्यावर चिडलीये.

गोजिराभाऊ, त्याची डिस्क मी नीट बघितली तर काठाला बारीक पांढरट ठिपके आहेत, ते काय? आणि त्याने जपानवरून ब्लू-रे पण मागवलाय तो आपल्या प्लेअरवर चालेल का?

तापीचा_गोजिरा
ठिपके म्हणजे लेझर रॉट असू शकतो. लेझरडिस्क ही दोन चकत्या गोंदाने चिकटवून केलेली असते, गोंद खराब झाला की हवा आत जाते आणि ॲल्युमिनियमचा थर गंजतो. चालू केल्यावर चित्रात रंगीत चुरा उडाल्यासारखं दिसलं तर समज गेली. काही दिसलं नाही तर नुसते वरचे डाग असतील, मऊ कापडाने मधून काठाकडे पूस, गोल फिरवू नको.

ब्लू-रेचं बघ, डिस्क कुठल्या भागातल्या प्लेअरवर चालेल ते रीजनने ठरतं, जपान रीजन ए आणि आपण सी, त्यामुळे साध्या प्लेअरवर अडकतो. डीव्हीडीला जपान २ आणि आपण ५. रीजन-फ्री प्लेअर घ्यायचा किंवा ताप टाळायचा तर परदेशी कंपन्यांचे सेट घ्यायचे, घेताना रीजन मात्र तिथे पण बघून घे. क्रायटेरियन या अमेरिकन कंपनीने २०१९ मध्ये १९५४ ते १९७५ चे १५ गॉडझिला एका पेटीत काढले, इंग्रजी सबटायटल सकट. जपानी डिस्कवर बहुतेक वेळा सबटायटल नसतंच, ते पैसे देण्याआधी बघायचं. लेझरडिस्कला रीजन नसतो, जपानी डिस्क एनटीएससी या टीव्ही सिग्नलच्या पद्धतीची असते, आताचे टीव्ही बहुतेक ती घेतात.

शहादा_एक्सप्रेस
म्हणजे डिस्क गंजते, फिल्म आंबते, पोस्टर नकली, प्लेअर चालत नाही. आणि हे सगळं लग्नाआधी. काकूंना माझा पाठिंबा आहे 😄

नंदुरबारची_मी
शहादा दादा, तुमच्या क्रिकेटच्या तिकिटांवर पण एकदा धागा काढू आपण.

जुना_ऑपरेटर
एक राहिलं. तो लेझरडिस्कचा प्लेअर जपानवरून मागवणार असेल तर तो १०० व्होल्टवर चालतो. आपल्या २३० च्या बोर्डात थेट पिन खोचली तर धूर. मध्ये स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर पाहिजेच, वॅटेज प्लेअरच्या पाठीवर लिहिलेलं असतं त्यापेक्षा जास्तीचा घ्या. इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो, नाहीतर कोणी वाइंडिंगवाला बनवून देतो.

अमळनेरचा_धाकटा
काका, प्लेअर मिळालाय आणि तो शनिवारीच येतोय, मला आत्ता कळलं. ट्रान्सफॉर्मरचं ह्याला काही माहीतच नाही. थांबा, फोन लावतो.